मंत्र्यांच्या ओएसडीला प्रचार करता येतो का? भावासाठी विचारतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. धाकट्या भावासाठी हा धागा काढतेय. तो स्वतः कुठे काही लिहू शकत नाही, आणि घरात तो माझ्याशिवाय कुणाशी याबद्दल बोलत नाही.

भाऊ राज्य शासनाचा कायम कर्मचारी आहे, राजपत्रित. दीड वर्षापासून एका मंत्र्यांच्या कार्यालयात विशेष कार्य अधिकारी, म्हणजे ओएसडी, आहे. मंत्री कोण, पक्ष कोणता, हे सांगणार नाही. कृपया अंदाजही बांधू नका. कुठलाही पक्ष असता तरी मी हेच विचारलं असतं.

हिवाळी अधिवेशनात रविभवनात, मंत्र्यांच्या मुक्कामी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आमदारांच्या लक्षवेधी सूचनांची उत्तरं तयार करत बसायचा. तेव्हा त्याची तक्रार नव्हती, उलट कामाचा अभिमान होता. महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि चित्र बदललं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्याला एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात बसायला सांगतात. प्रभागाच्या याद्या चाळायच्या, कुठल्या वस्तीत कुणाचं काम अडलंय ते बघायचं आणि त्या माणसाला फोन लावायचा. फोन तोच, ज्यावरून तो दिवसभर मंत्र्यांचा निरोप देतो. पलीकडच्या माणसाला ‘साहेबांकडून बोलतोय’ एवढंच ऐकू येतं. हा सरकारी निरोप की पक्षाचा, हे त्याला कळणार कसं?

त्याने नाही म्हणून पाहिलं. तेव्हा त्याला तीन गोष्टी ऐकवल्या गेल्या.

एक, “रजा टाक ना बे दहा दिवस. रजेवर असल्यावर तू काय सरकारी माणूस राहतो का?” दुसरी, ही मनपाची निवडणूक आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा लोकसभा-विधानसभेला लागतो, इथे काही होत नाही. तिसरी गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली. त्याच खोलीत शेजारच्या टेबलावर दुसरे ओएसडी बसतात. ते कराराने आलेले, पक्षाचेच जुने कार्यकर्ते. ते उघडपणे प्रचारात फिरतात. “त्यायले काही होत नाही, तुलेच काहून भीती?”

भाऊ मला म्हणाला, “ताई, तू टेन्शन नको घेऊ.” पण तोच चार दिवसांपासून नीट जेवत नाहीये.

मला हे एवढं का लागतंय तेही सांगते. मी किती निवडणुकांची ड्युटी केली ते मोजलेलं नाही. आदल्या दिवशी पेट्या नि नंतरच्या काळात मशिनं घेऊन केंद्रावर जायचं, वर्गात सतरंजी टाकून झोपायचं, पहाटे उठून तयारीला लागायचं. एका वर्षी गल्लीतल्या पोरांनी आमच्या फाटकावर एका पक्षाचं चिन्ह चिकटवलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, “बाई, आजच काढा, आपण सरकारी माणसं.” मी गरम पाण्याने खरवडून ते काढलं. मला राग आला नाही. नियम बरोबरच वाटला.

माझ्या फाटकावरच्या त्या कागदाने किती मतं हलली असती? आणि भावाच्या एका फोनने किती हलतील? शाळेतल्या बाईला जो नियम इतका घट्ट बांधतो, तो मंत्र्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसाला सैल कसा असू शकतो?

तर विचारायचं हे की रजेवर असताना तो मोकळा असतो का, मनपा निवडणुकीचं म्हणणं खरं आहे का, आणि संबंध न तोडता नाही कसं म्हणावं. यातून गेलेल्या कुणी सांगितलं तर उपकार होतील.

*

धंतोलीकर:

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, आस्थापनेवर बरीच वर्षं काढली. भावाला आधी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ वाचायला सांगा. राजकीय पक्षाचं सभासद व्हायचं नाही, पक्षाशी संबंध ठेवायचा नाही, मदत करायची नाही. पुढे निवडणुकीबद्दल आहे. कुठल्याही विधानमंडळाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या निवडणुकीत प्रचार करायचा नाही, वजन वापरायचं नाही, भाग घ्यायचा नाही. मत देता येतं, पण कुणाला देणार हे सुचवायचंसुद्धा नाही. महापालिका म्हणजे स्थानिक प्राधिकरणच की. ‘इथे काही होत नाही’ हे म्हणणं तिथेच संपतं.

रजेचं म्हणाल तर रजा कामावरून असते, नोकरीवरून नाही. रजेतही तो शासकीय कर्मचारीच असतो आणि नियम जसेच्या तसे लागू राहतात. विभागीय चौकशी लागली तर ‘तोंडी सांगितलं होतं’ हे कुणी ऐकत नाही, आणि तोंडी सांगणारा त्या दिवशी सोबत उभा राहत नाही. मी असे दोघे जण पाहिले आहेत.

*

वकीलबाई:

धंतोलीकरांनी नेमकं सांगितलं. मी एक जुनं प्रकरण आठवून देते, कारण ते ओएसडीचंच आहे.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. दोन कारणं होती. त्यातलं एक म्हणजे यशपाल कपूर. ते पंतप्रधानांच्या सचिवालयात विशेष कार्य अधिकारी होते. त्यांनी जानेवारी १९७१ मध्ये राजीनामा दिला होता, पण तो मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. त्या आधीच त्यांनी रायबरेलीत काम सुरू केलं होतं. न्यायालय म्हणालं, अधिसूचना निघेपर्यंत माणूस सरकारी नोकरच. पुढे संसदेने कायदाच बदलला, राजपत्रात छापलेली तारीख निर्णायक धरायची असं ठरवलं, आणि ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वैध ठरवली.

तारखांचा घोळ बाजूला ठेवा. राजीनामा लिहून दिलेल्या माणसाबद्दल जर एवढा प्रश्न उभा राहिला, तर रजेचा अर्ज टाकलेल्या माणसाचं काय सांगावं?

लोकसभा-विधानसभेला तर आणखी कडक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३४-अ आहे. सरकारी नोकर उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि कलम १२३(७) प्रमाणे राजपत्रित अधिकाऱ्याची मदत घेणं हे उमेदवारासाठी भ्रष्ट आचरण ठरतं, म्हणजे निवडून आलेलं पदही जाऊ शकतं. भावाने हे शांतपणे सांगून बघावं. स्वतःची भीती सांगण्यापेक्षा हे लवकर पटतं.

*

परदेशी नागपूरकर:

मी थोडं वेगळं म्हणतो. मंत्र्याच्या सल्लागाराचं काम राजकीय असतंच, ते नाकारून काय होणार? ब्रिटनमध्ये हे मान्यच केलंय. तिथे मंत्र्यांचे विशेष सल्लागार वेगळे असतात. ते तात्पुरते सरकारी नोकर, आणि २०१० च्या कायद्याने त्यांना पक्षनिरपेक्षतेच्या अटीतून सूट आहे. मात्र सार्वत्रिक निवडणुकीत प्रचार करायचा तर पद सोडावं लागतं. ताईंच्या भावाच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला असाच वेगळा दर्जा द्यावा, म्हणजे लपवाछपवी राहणार नाही.

अमेरिकेत सरकारी नोकरांना पक्षाच्या प्रचारापासून दूर ठेवणारा १९३९ चा हॅच कायदा आहे. पण २०१९ मध्ये तिथल्या विशेष वकील कार्यालयाने राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे यांना वारंवार उल्लंघनाबद्दल काढून टाकण्याची शिफारस केली, आणि राष्ट्राध्यक्षांनी ती मानली नाही. कायदा असून शिक्षा करणारा हात साहेबाचाच असेल तर काय उपयोग, हा प्रश्न आपल्याकडेही येईल.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भावाला सगळं वाचून दाखवलं.

परदेशी नागपूरकर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. सल्लागाराला मत असू नये असं मी म्हणत नाही. मंत्र्यांसोबत बसून धोरण लिहिणारा माणूस मनाने कोरा कसा असेल? पण ब्रिटनमध्येही प्रचाराला जाताना खुर्ची सोडावी लागते, हे तुम्हीच सांगितलंत, आणि माझं नेमकं तेवढंच मागणं आहे. करार असो की कायम नोकरी, ज्याच्या हातात मंत्र्यांच्या कार्यालयाचा फोन आहे त्याला एकच नियम हवा. नियम नेमणुकीच्या कागदाला चिकटलेला आहे, तो त्या खुर्चीला चिकटायला हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मंत्र्यांकडून आलेल्या ओएसडी नि खासगी सचिवांच्या नावांपैकी काही आरोपांमुळे अडवली होती, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण ती चाळणी आत येताना लागते. आत आल्यावर माणूस संध्याकाळी कुठे बसतो, हे कोण बघतं?

शिक्षेचा हात साहेबाचाच, हे मात्र खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भावाने काल दोन अर्ज लिहिले. पहिल्यात, निवडणुकीच्या काळात कार्यालयीन कामाव्यतिरिक्त कोणतंही काम द्यायचं असल्यास लेखी आदेश मिळावेत, अशी विनंती आहे. वर्तणूक नियम ५ चा उल्लेख एका ओळीत, कुणाचंही नाव नाही. दुसरा, मूळ विभागात परत जाण्यासाठी कार्यमुक्त करण्याचा. तो त्याने घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय. पहिल्याला काय उत्तर येतं ते बघून देईन म्हणाला.

धंतोलीकर, एक शेवटचं विचारते. पहिल्या अर्जाची पोच आवक-जावक शाखेतूनच घ्यावी ना? की खासगी सचिवांच्या हातात दिला तरी चालेल? तो सकाळी साडेनऊला निघतो.

*

धंतोलीकर:

आवक शाखेतच द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, आणि ती प्रत घरी ठेवा.