केनशिन: मालिका आधी बघायची की 'ट्रस्ट अँड बिट्रेयल' आधी?

रात्रपाळी
(स्पॉयलर आहेत. पंचवीस वर्षं उलटून गेलीत, आता कुणी रडू नये.)

परवा भाच्याला 'रुरोनी केनशिन' ही जपानी अॅनिमेशन मालिका दाखवायला बसवलं. तिसऱ्या भागात उठला. म्हणे, "मामा, मी ते चार भागांचं आधीच बघितलंय. त्यानंतर हा माणूस जोकर वाटतो." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोबुहिरो वात्सुकीची मांगा (जपानी चित्रकथा) १९९४ ते १९९९. टीव्ही मालिका १९९६ ते १९९८, एकूण ९५ भाग, त्यातला शेवटचा टीव्हीवर लागलाच नाही, थेट व्हिडिओवर आला. काळ १८७८ चा, मेईजी सम्राटाच्या राजवटीचं अकरावं वर्ष. लाल केसांचा, गालावर फुलीचा व्रण असलेला एक भटक्या, हातात उलट्या धारेची तलवार, कुणालाही मारायचं नाही ही शपथ. काओरू नावाच्या तरुणीकडे राहतो, कपडे धुतो, तिच्या हातचं गिळवत नाही असलं जेवण गिळतो आणि 'ओरो' म्हणत डोळे फिरवतो. 'ट्रस्ट अँड बिट्रेयल' ही चार भागांची पूर्वकथा, १९९९ ची. त्यात हाच माणूस चौदा-पंधरा वर्षांचा आहे आणि क्योतोत रात्री चोशू या बंडखोर संस्थानासाठी माणसं कापतोय. दोन्हीचा दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशीच, केनशिनला आवाजही मायो सुझुकाझेचाच.

माझं म्हणणं, मालिका आधी. कारण तो व्रण. मालिकाभर आपण त्याला ओळखीची खूण समजतो, एखाद्याच्या कपाळावरच्या तिळासारखी. पूर्वकथेत तो दोन वारांत होताना दिसतो. पहिला कियोसातोचा, केनशिन ज्याला कापतो त्याचा. लग्न ठरलेलं पोरगं, मरायला तयारच नाही, तुटत तुटत तलवार फिरवतं. दुसरा तोमोएचा. ती कियोसातोचीच ठरलेली बायको. सूड घ्यायला आली आणि केनशिनचा संसार करून बसली. शेवटी केनशिनच्याच तलवारीने पडते, आणि मरता मरता हातातल्या सुरीने त्याच्या गालावर आडवी रेघ ओढून फुली पुरी करते. तो गाल आधी इतके भाग डोळ्यांसमोर राहिलेला असेल तरच ही रेघ आपल्याला लागते. चार भाग आधी बघणं म्हणजे आधी कळस मग पाया.

कोरडी विहीर
भाचा शहाणा आहे. मामाचं सांगता येत नाही.

मालिका मीही बघितलीय, शिशिओ या खलनायकापर्यंत जीव टाकून बघितलीय. ६२ व्या भागानंतर काय उरलं? मांगा तेवढी पुढे गेलेली नव्हती म्हणून ३३ भाग घरी बसून रचले. आधी कुठून तरी ख्रिस्ती तलवारबाज, मग फेंगशुईवाले. आणि लढाईची तऱ्हा बघा. मालिकेत वार करायच्या आधी वाराचं नाव ओरडायचं, मग समोरच्याने तो कसा चुकवला याचं पाच मिनिटं निरूपण, मग बघ्यांपैकी एकाने "अशक्य!" म्हणायचं. पूर्वकथेत माणूस गल्लीत वळतो, एक आवाज होतो, कंदील खाली पडतो. बस्स.

पूर्वकथेचं ताकु इवासाकीचं संगीत घ्या. मालिकेचं संगीत ऐकलं की अंगात येतं, हे ऐकलं की बसून राहावंसं वाटतं. माझ्या लेखी चार भाग हीच खरी गोष्ट. मालिका ही तिची शाळेच्या गॅदरिंगमधली आवृत्ती.

पाटावरवंटा
दोघंही गालावर अडकलात. बाईचं काय?

तोमोए मला अर्धवट वाटते. पांढऱ्या उमेचा (जपानी प्लमच्या फुलांचा) सुगंध, पांढरा किमोनो, खाली घातलेली नजर. तिच्या मनात काय चाललंय हे कळायला ती मरावी लागते आणि मागे रोजनिशी सापडावी लागते! उलट काओरू. दोजो (तलवारबाजीची शाळा) चालवते, चिडते, स्वयंपाक बिघडवते. काजव्यांच्या त्या रात्री केनशिन तिला मिठी मारून निरोप घेऊन निघून जातो. ही अंथरूण धरते, पण मग उठते आणि त्याच्या मागोमाग क्योतो गाठते. काळोखी गोष्ट म्हटली की बाईने सोसून गप्प मरायचं आणि पुरुषाने त्यातून शहाणं व्हायचं, हे आपण किती वर्षं 'खोल' म्हणणार?

कोरडी विहीर
ताई, पहिली भेट आठवा. पाऊस, तिच्या अंगावर रक्ताचा शिडकावा, आणि ती किंचाळत नाही. म्हणते, तुम्ही खरोखरच रक्ताचा पाऊस पाडता. ही गप्प बाई? गोष्ट पुढे सरकते ती तिच्या निर्णयांवर. यायचं तिने ठरवलं, फितुरी तिने केली, शेवटी मधे पडायचंही तिनेच ठरवलं. केनशिन बिचारा सांगतील तिकडे जातो.

पाटावरवंटा
निर्णय तिचे, हे मान्य. पण ते आपल्याला बाहेरून दिसतात. केनशिनचे आतून.

जुना हिशोब
'पूर्वकथा जास्त खरी' असा सूर दिसतोय म्हणून थोडी भर.

चौकट खरी आहे. चोशूचा पुढारी कात्सुरा कोगोरो म्हणजे पुढचा किदो ताकायोशी, मेईजी राज्याच्या तीन मोठ्या शिल्पकारांपैकी एक. खोकताना दिसतो तो ताकासुगी शिन्साकू, १८६७ मध्ये क्षयाने गेला. १८६४ च्या उन्हाळ्यात शिन्सेनगुमीने (शोगुनच्या बाजूच्या तलवारबाजांच्या पथकाने) इकेदाया सराईवर छापा घातला, पुढे महिना-दीड महिन्यात चोशूवाले राजवाड्याच्या दारावर चालून गेले आणि हरले, क्योतो जळालं. त्या धामधुमीत कात्सुरा केनशिन-तोमोएला नवराबायको म्हणून क्योतोजवळच्या ओत्सूकडे लपायला धाडतो.

केनशिन मात्र कल्पित. वात्सुकीच्या डोळ्यांसमोर होता कावाकामी गेन्साई. त्याने १८६४ मध्येच साकुमा शोझान या विद्वानाला क्योतोत भरदिवसा रस्त्यात मारलं. आणि मेईजी सरकारनेच पुढे गेन्साईचं डोकं उडवलं. म्हणजे खरा मारेकरी कपडे धुवायला उरलाच नाही. यावरून कोणाची बाजू वर होते ते तुम्हीच भांडून ठरवा.

रात्रपाळी
जुना हिशोब, भारी! पण मी याचा उलटा अर्थ लावेन. इतिहासाने ज्याला उरू दिलं नाही त्याला वात्सुकीने दहा वर्षं भटकवून एका अंगणात आणून बसवलं. हेच तर मालिकेचं धाडस.

कोरडी विहीर, जोकर म्हणण्याआधी पूर्वकथेची सुरुवात पुन्हा बघा. गुलामांच्या तांड्यावर दरोडा पडतो, पोराला वाचवताना तीन बायका मरतात, हिको (पुढे त्याचा गुरू) येऊन दरोडेखोर कापतो आणि निघून जातो. परत येतो तर पोराने सगळ्यांना पुरलंय. बायकांना, माणसं विकणाऱ्यांना आणि दरोडेखोरांनाही. बायकांच्या थडग्यांवर तीन दगड शोधून ठेवलेत. ते पोर आणि काओरूच्या अंगणातला माणूस एकच आहेत. मधली क्योतोची वर्षं हाच आडमार्ग.

आणि साके, म्हणजे तांदळाची दारू! गुरू सांगतो, साके कडू लागली तर दोष तुझ्यात आहे. क्योतोत त्याला साकेत रक्ताची चव लागते. ओत्सूत मुळे लावतो, औषधं विकत हिंडतो, तोमोएबरोबर बसून पितो, तेव्हा ती गोड लागते. घरचं काम करत जगणं तो तिथे शिकला. मालिकेत तो कपड्यांच्या टपात हात घालून बसलेला दिसतो ना, तो विनोद नाही. ती ओत्सूची आठवण आहे.

कोरडी विहीर
हा हा. मामा, पाय स्वतःच्याच दोरीत अडकला. टपात ओत्सू दिसायला हवं असेल तर ओत्सू आधी बघायला नको का? मालिका आधी बघणाऱ्याला टपात फक्त फेस दिसणार.

पाटावरवंटा
गेला मामा.

अर्धाकप
मध्येच विचारतो, ताकेरू सातोचे, खऱ्या नटांचे सिनेमे चालतील का? मला कार्टून जमत नाही.

जुना हिशोब
चालतील. पण बघा, २०२१ मध्ये त्यांनीही 'द फायनल' आधी आणला आणि पूर्वकथेचा 'द बिगिनिंग' नंतर. मांगातसुद्धा तोमोएची हकीकत शेवटच्या पर्वात येते, केनशिन स्वतः सगळ्यांना बसवून सांगतो. म्हणजे कर्ता मामाच्या बाजूने.

('कार्टून' शब्दाबद्दल आपण वेगळं भांडू.)

कोरडी विहीर
कर्त्याने क्रम ठरवला, मान्य. पण मांगात ती ऐकणारी काओरू समोर बसलेली असते. चार भागांत ऐकणारं कुणी नाही, तिथे आपण एकटे असतो. म्हणून ते स्वतंत्र उभं राहतं आणि म्हणून मला मालिकेची गरज पडत नाही. टपाचा मुद्दा मात्र तुमचा चांगला होता, तेवढ्यासाठी पहिले दहा-बारा भाग पुन्हा लावेन. ६२ च्या पुढे हात लावणार नाही.

रात्रपाळी
टपापुरता हरलो. व्रणापुरता नाही.

भाच्याला टपाचं सांगितलं. काल रात्री साडेबाराला त्याचा मेसेज: "काजव्यांपर्यंत आलो. ओरो अजूनही डोक्यात जातं." मी विचारलं, मग बघत का राहिलास? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, ऑनलाइन मात्र दोन वाजेपर्यंत दिसत होता.