गायतोंडेंच्या चित्रात 'ध्यान' शोधणं आता पुरे

रोलरवाला
अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंवर मराठीत काहीही छापून येवो, झेन हा बौद्ध ध्यानपंथ आणि मौन ठरलेलं. मग दिल्लीच्या निजामुद्दीनमधली त्यांची एकाकी राहणी. चित्र कुठाय?
१९४८ ला जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडलेला हा माणूस आधी ओळखू येणाऱ्या आकृत्याच काढत होता. लघुचित्रांतले रंग घेतले, युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराची रेषा पचवली, आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती सोडली. पुढे तैलरंगाचे थर, त्यावर रोलर, पॅलेट नाइफने खरवडणं, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलणं. कुठे थांबायचं हे कळायला हात तयार लागतो. त्यांना साधू ठरवलं की आपले बघण्याचे कष्ट वाचतात, एवढंच.

खेतवाडीकर
अर्धवट पटलं. अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे ते जात, झेन वाचत, हे कुणी मागाहून चिकटवलेलं नाही. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा माणूस उरलेला वेळ काय करत होता? बसून विचारच ना? तुम्ही रोलरचं वर्णन करताय, पण रोलर तर रंगाऱ्याकडेही असतो.

रोलरवाला
आणि महाराजांकडे शेकडो लोक जात होते. त्यातले कितीजण असं रंगवत होते?

तिरकस
दोघेही अध्यात्मावरच अडलात. मूळ मुद्दा न्यूयॉर्क. १९६४ ला रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गेले, तिथली रंगक्षेत्रवाली, म्हणजे नुसत्या रंगाच्या मोठ्या पट्ट्यांनी चित्र करणारी, मंडळी बघितली. त्यांच्यातला मार्क रॉथको शेजारी ठेवा, उसनवारी दिसेल.

रोलरवाला
तारखा बघा राव. न्यूयॉर्कला जायच्या आधीच आकृती गेली होती. शिवाय रॉथकोचे रंगाचे चौकोन हवेत तरंगतात. गायतोंडेंच्या रंगात खालचा थर वरच्याला फोडून बाहेर येतो. पृष्ठभागाची जातच वेगळी.

खेतवाडीकर
इथे मी रोलरवाल्यांच्या बाजूने. रॉथकोशिवाय आपल्याला आपला चित्रकार मोठा वाटतच नाही का?

फोर्टची_पायरी
मोठा कधी वाटला तेही सांगा. २०१३ ला मुंबईच्या लिलावात एका चित्राला तेवीस कोटींवर बोली लागली, दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, आणि मग आपल्याकडे अभिमान उफाळला. नागपूरचा जन्म, गिरगावातलं वाढणं, मूळ गोव्याचं, सगळं एकदम आठवलं. १९७२ च्या सुमारास ते दिल्लीला गेले, २००१ ला वारले. मधल्या काळात ते कुठे आहेत हे किती मराठी घरांत ठाऊक होतं? ध्यानबिन नंतर, आधी हा हिशेब द्या.

खेतवाडीकर
हा टोमणा योग्य, पण चित्राबद्दल काहीच सांगत नाही. चौऱ्याऐंशीच्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. ना रोलर, ना थर. तरी ती बघताना 'गायतोंडे' लगेच ओळखू येतात. कसब हेच सगळं असेल तर इथे काय उरलं, सांगा.

रोलरवाला
उरली ती जागा सोडायची सवय, आणि तीही वर्षानुवर्षं कॅनव्हासवर खरवडून कमावलेली. प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे आताच्या वस्तुसंग्रहालयात, जहांगीर निकल्सन या संग्राहकाच्या संग्रहातलं त्यांचं चित्र लागलं असेल तर समोर उभे राहू नका. बाजूने, उजेडाच्या कलाने बघा. रंगाच्या कडा दिसतील. मग इथे येऊन ध्यानाबद्दल भांडू.