सप्ताहातल्या कीर्तनाचा व्हिडिओ: महाराजांचं तोंड काळं, टाळांची खरखर

सप्ताह_माजलगाव:
रामकृष्ण हरी. आमच्या गावात सप्ताह सुरू आहे. रात्रीचं कीर्तन फोनवर काढायचं काम माझ्याकडं आलंय, पुण्याला असलेली पोरं ग्रुपवर मागायलेत. महाराजांच्या मागं पांडुरंगाच्या फ्लेक्सवर हॅलोजन मारलाय, त्यात महाराजांचं तोंड काळं दिसायलंय, वरून व्हिडिओत आडवे पट्टे सरकायलेत. महाराज बोलतात तोवर आवाज ठीक, पण गजर सुरू झाला की नुसती खरखर. वर पत्रे. फोन साधा, खर्च पाचशेच्या आत. काय करावं?

गोदाकाठ:
कॉलर माइक घ्या, विषय संपला.

मंडपवाला_परळी:
संपत नाही भाऊ. महाराज दोन तास नाचणार, उपरणं माइकवर घासणार. त्यापेक्षा आहे ती खरखर बरी.

माउली, आमचा धंदा मंडप-साउंडचाच, म्हणून जरा लांबड लावतो. आधी तो फोकस फ्लेक्सवरून काढा. पांडुरंग दिसला नाही तर लोक कुरकुर करतील, करू द्या. फोकस महाराजांच्या समोर एका बाजूला, डोक्याच्या वर बांबूला बांधा. अगदी समोरून नको, त्यांना समोरची माणसं दिसेनाशी होतात. उजेड फार टोचत असला तर मंडपाच्या पांढऱ्या कापडावर मारून परत येऊ द्या.

पट्टे येतात म्हणजे तो हॅलोजन नव्हे, एलईडी आहे. हॅलोजनची तापलेली तार अशी पटकन विझत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये प्रो मोड (हातानं सेटिंग करायची सोय) असेल तर शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. जनरेटर चालू असला आणि त्याचा वेग हलला तर पट्टे पुन्हा येतील, त्याला इलाज नाही.

फेटा पांढरा, धोतर पांढरं, म्हणून फोन आपोआप सगळंच काळपट करतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेडाचं माप लॉक होईल. धोतर जरा फटफटीत दिसलं तरी चालतंय.

आता आवाज. टाळकरी फोनच्या तोंडाशी उभे असले की माइक भरून जातो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कुणालाच शिवता येत नाही. फोन टाळकऱ्यांपासून आणि साउंडच्या बॉक्सपासून लांब न्या. खरा आवाज मात्र मिक्सरवरून घ्या. बऱ्याच मिक्सरला पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असते. साउंडवाल्याला चहा पाजा आणि बटण दाबायला लावा. मिक्सरची वायर थेट फोनच्या पिनेत घालू नका, तो सिग्नल माइकपेक्षा फार मोठा असतो.

सप्ताह_माजलगाव:
पेनड्राइव्ह चाललं! पण कीर्तन बंद खोलीत चालल्यासारखं वाटायलंय.

मंडपवाला_परळी:
वाटणारच. मिक्सरमध्ये महाराज, पेटी, पखवाज एवढेच आले. लोकांचं ‘विठ्ठल विठ्ठल’ आलंच नाही. फोनवर रेकॉर्ड झालेला आवाज बारीक करून मिक्सरच्या आवाजाखाली राहू द्या. दोन्ही जुळवायला वेगळी टाळी नको, पखवाजाचा पहिला ठोका व्हिडिओत दिसला की बास. दोन तासांत दोन्ही आवाज थोडे सरकतात, म्हणून व्हिडिओ तुकड्यांत घ्या.

लातूर_४१३५१२:
फोन फ्लाइट मोडवर टाका. आमच्याकडं ऐन अभंगात जावयाचा फोन आला. जागाही बघा, १०८०पीला दोन तासांचे १२ ते १६ जीबी जातात.

सप्ताह_माजलगाव:
परवा काला आहे, दिवसाचं कीर्तन. तेव्हा?

मंडपवाला_परळी:
फोकस बंद ठेवा, ऊन तुमच्या पाठीशी घ्या. हंडी फुटताना फोन पिशवीत घालून पुढं घुसू नका, पिशवीनं माइक दबतो. लांब उभं राहा, दही नंतर मिळतंच.