लुईव्हिल स्लगर: सामन्यात वापरलेली की नुसती संघाला पाठवलेली?

लाकूडवेडा
मेजर लीगमधल्या (अमेरिकी बेसबॉलची सर्वात वरची लीग) एका उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची 'गेम यूज्ड', म्हणजे सामन्यात वापरलेली, म्हणून एक लुईव्हिल स्लगर ब्रँडची बॅट विक्रीला आहे. अ‍ॅशच्या लाकडाची, 34.5 इंच, 31.6 औंस. मधला कंपनीचा छाप 1986-89 च्या धाटणीचा, बॅरलवर (चेंडू मारायच्या जाड भागावर) सही कोरलेली आणि मॉडेल पी72. नॉबवर (मुठीच्या टोकाच्या गोळ्यावर) मार्करने जर्सी क्रमांक, हँडलवर पाइन टार (पकड घट्ट बसावी म्हणून लावतात तो चिकट डांबरासारखा पदार्थ) आणि एक बारीक चीर. कागद म्हणाल तर विकणाऱ्याचंच पत्र. बॅट हातात घेऊन बघायला मिळणार आहे. काय काय तपासू?

नॉबपासून_बॅरलपर्यंत
तीन प्रश्न वेगवेगळे ठेवा: बॅट त्या खेळाडूसाठी बनली होती का, ती वापरली गेली का आणि वापरणारा तोच होता का. पत्रांमध्ये या तिन्हींची खिचडी करतात.

पहिल्याचं उत्तर कारखान्याच्या नोंदींत. लुईव्हिल स्लगर बनवणाऱ्या हिलरिच अँड ब्रॅड्सबीच्या नोंदींत कोणाला, कधी, कोणतं मॉडेल, किती लांबी-वजनाचं पाठवलं ते असतं. लांबी अजिबात बदलत नाही, त्यामुळे अर्ध्या इंचाचाही फरक निघाला तर विषय संपला. वजनात मात्र थोडी सूट द्या, कारण लाकूड वाळून औंसभर उतरू शकतं आणि पाइन टारमुळे थोडं वाढतंही.

मॉडेल क्रमांक बॅरलवर आहे हे बरोबर. 1976 च्या आधी तो नॉबवर ठोकत. पण नुसत्या पी72 वर भाळू नका. रिपकेन, यंट, जीटर असे मेजर लीगमधले कितीतरी फलंदाज तेच मॉडेल वापरायचे.

टाके_मोजणारा
दुसऱ्या प्रश्नासाठी बॅट तिरप्या उजेडात फिरवा. नॉब स्वतःकडे, बॅरल समोर, छाप वर. उजव्या हाताचा फलंदाज छाप वर ठेवून खेळत असेल तर चेंडूचे ठसे डाव्या बाजूला दाटलेले हवेत, डावखुऱ्याचे उजवीकडे. छाप खाली धरणाऱ्यांचं उलटं, म्हणून त्याचे फोटो आधी बघून ठेवा. ठसे चारी बाजूंना सारखे पसरलेले असतील तर कोणीतरी सरावात झोडलेली बॅट समजा.

खऱ्या ठशात शिवणीच्या टाक्यांची तिरकी रांग लाकडात दबलेली दिसते, कधी चेंडूवरच्या शिक्क्याची शाई उमटलेली असते. यंत्रातल्या रबरी चेंडूंच्या ठशांत हे टाके नसतात. अ‍ॅश खूप वापरली की मारण्याच्या जागी रेषा सुटून पापुद्रे उठतात. ते खोटं करणं अवघड. बॅट ठेवायच्या रॅकचा रंग बॅरलला घासलेला असेल तर तोही जमेस धरा.

नॉबवरच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. मार्कर कोणाकडेही असतो. शाई मळाच्या वर बसलीय की मळाखाली, एवढं भिंगातून बघा.

लाकूडवेडा
बघून आलो. ठसे डावीकडेच, टाके स्पष्ट, थोडे पापुद्रेही. छाप वर धरूनच खेळायचा, फोटोंत दिसतं. पण पाइन टार चकचकीत आहे, पार छापापर्यंत गेलंय आणि चिरेच्या आतही उतरलंय.

टाके_मोजणारा
मग तिथेच थांबा. चीर गेलेली बॅट फलंदाज टाकून देतो, तिला परत टार कोण लावणार? आधीचं टार चिरेच्या कडेला तुटलेलं दिसतं, आत ओघळलेलं नाही. जुनं टार मळ धरून काळपट होतं आणि पकडीच्या जागी झिजतं. शिवाय नियमाने टार मुठीच्या टोकापासून 18 इंचांपर्यंतच चालतं. टेप लावून मोजा. जास्त भरलं म्हणून बॅट खोटी ठरत नाही (1983 मध्ये जॉर्ज ब्रेट या फलंदाजाच्या बॅटवरच्या जास्तीच्या टारवरून केवढा गोंधळ झाला होता!), पण या खेळाडूची टार लावायची पद्धत त्याच काळातल्या फोटोंशी जुळायला हवी.

नॉबपासून_बॅरलपर्यंत
म्हणजे बॅट बहुतेक खरी, वापरलेलीही असेल, पण टार नंतर चढवलंय. तिसरा प्रश्न तसाच राहिला. बॅट संघातल्या दुसऱ्याने मागून घेतलेली असू शकते, खालच्या लीगमध्ये गेलेली असू शकते. मेजर लीगच्या होलोग्रामची (खरेपणाच्या क्रमांकित स्टिकरची) आशा इथे नाही, तो कार्यक्रम 2001 चा. नव्या बॅटवरही होलोग्राम असला तरी क्रमांक टाकून नोंद वाचावी लागते, कारण तो 'संघाला दिलेली' एवढ्यावरही लागतो.

उरला फोटो. लाकडाच्या रेषा आणि गाठी प्रत्येक बॅटीत वेगळ्या असतात. सामन्याच्या स्पष्ट फोटोत त्या जुळल्या तर प्रश्न मिटला. तोवर 'संघाला पाठवलेली, वापरलेली' एवढ्याच भावाने बोला आणि टारमुळे आणखी खाली या. टार पुसायला मात्र जाऊ नका, खालचे खरे ठसेही त्याबरोबर जातील.