“मामा, हा नोबिता नाहीये”: कार्टूनच्या पात्रांवर नवी गोष्ट लिहिताना पात्र ओळखीचे कसे ठेवावे?

राजवाड्यामागचा (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी दहा वर्षांची भाची इंग्रजी माध्यमात शिकते आणि घरी मराठी बोलत असली तरी मराठी वाचायचे म्हटले की टाळाटाळ करते. तिने वाचावे म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या लाडक्या डोरेमॉनवर, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या भविष्यातून आलेल्या आणि नाना यंत्रे काढून देणाऱ्या यंत्र-मांजरावर, मराठीत एक गोष्ट लिहायला घेतली. नोबिता (डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो तो रडका, अभ्यासात कच्चा मुलगा) आणि डोरेमॉन एनीव्हेअर डोअर, म्हणजे हवे तिथे नेणारे दार, उघडतात आणि थेट आमच्या सराफ्यात येऊन पडतात, रात्रीचे साडेदहा वाजलेले, दागिन्यांची दुकाने बंद होऊन त्यांच्या ओट्यांसमोर खाण्याची दुकाने मांडलेली, अशी ती सुरुवात होती. सराफा माझ्या पायाखालचा असल्याने ही पाने झरझर लिहून झाली आणि भाचीनेही ती आवडीने वाचली.

अडचण पुढे आली. नोबिताला नेहमी छळणारा दांडगा जियान तिथे येऊन त्याच्या हातातला भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हिसकावतो, तेव्हा मी नोबिताला त्याच्यासमोर उभे करून अर्ध्या पानाचे भाषण करायला लावले: दुर्बळांना छळणे म्हणजे शौर्य नव्हे, वगैरे. जियान खजील होऊन माफी मागतो आणि नोबिता त्याच रात्री ठरवतो की उद्यापासून पहाटे उठून अभ्यास करायचा. भाचीने तिथवर वाचले, वही मिटली आणि म्हणाली, “मामा, हा नोबिता नाहीये. हा तू आहेस.”

मग मी उलट टोकाला गेलो. नोबिताला दोनदा रडवले, परीक्षेत शून्य गुण दिले, त्याचा चष्मा हरवला आणि दर चार ओळींनी त्याला डोरेमॉनच्या नावाने गळा काढायला लावला. त्यावर तिचे म्हणणे असे पडले की आता कोणीतरी दुसराच मुलगा नोबिताची नक्कल करतो आहे. गोष्टीत काहीतरी नवे घडावे, पात्राने नेहमीपेक्षा वेगळे वागावे, आणि तरीही वाचणाऱ्याला ते तेच पात्र वाटावे, हे कसे साधावे?

मुद्रितशोधक (रामबाग, इंदूर) यांचे उत्तर

आपल्या भाचीने दोन वाक्यांत दोन वेगवेगळे दोष दाखवले आहेत. आयुष्यभर इतरांची मुद्रिते तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात फारशी भर घालता येणार नाही, तरी प्रयत्न करतो.

नोबिता धीट होऊ शकत नाही, असे मुळीच नाही. मूळ चित्रकथाकार फुजिको एफ. फुजिओ यांनीच त्याला धीट केलेले आहे, आणि ते कसे केले आहे हे पाहण्यासारखे आहे. १९७४ मधल्या एका गोष्टीत डोरेमॉनला भविष्यात परत जावे लागणार असते. त्या शेवटच्या रात्री मैदानात झोपेत चालत आलेला जियान नोबितासमोर येतो आणि आपली फजिती याने पाहिली म्हणून चिडतो. नोबिता डोरेमॉनला हाक मारत नाही. तो मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा मार खातो आणि जियानला सोडत नाही, कारण आपण एकट्याने निभावू शकतो हे दिसल्याशिवाय डोरेमॉन निश्चिंत मनाने जाणार नाही, हे त्याला कळलेले असते. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो.

या प्रसंगात नोबिताच्या दंडात बळ येत नाही, त्याला एखादी नामी युक्तीही सुचत नाही आणि तो शौर्याची व्याख्याही सांगत नाही. एरवी एखादे यंत्र हवे असले की जो मुलगा डोरेमॉनच्या मागे भुणभुण लावतो आणि ते मिळेपर्यंत थांबत नाही, त्याच मुलाचा तोच चिवटपणा इथे दुसऱ्या कामाला लागलेला असतो. वागणे नवे आहे, पण ते ज्या स्वभावातून आले तो आपल्या ओळखीचा आहे, आणि म्हणून आपण ते मान्य करतो. शिवाय त्या धीटपणाची किंमत त्याच्या सुजलेल्या तोंडावर दिसते. तुमच्या गोष्टीत मात्र नोबिताला भाषणाबद्दल काहीच मोजावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच्या लगेच पुढच्या कथेत, एक एप्रिलच्या दिवशी, हाच नोबिता जियानच्या थापेला पुन्हा बळी पडतो. एका रात्रीच्या लढाईने लेखकाने त्याला शहाणा करून टाकले नाही. तुम्ही त्याला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलेत, तिथे खरे म्हणजे गोष्टच संपली, कारण झोपेला मुकलेला नोबिता कोणालाच पाहायचा नसतो!

सयाजीबाग (बडोदे) यांचे उत्तर

मी ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आमच्याकडची पद्धत सांगतो. एकच पात्र अनेक चित्रकारांच्या हातून जाणार असते, त्यामुळे काम सुरू होण्याआधी त्याची मॉडेल शीट तयार केली जाते. तिच्यात पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून कसे दिसते, त्याची उंची त्याच्याच किती डोक्यांइतकी आहे, ते हसताना आणि रागावताना तोंडाचा आकार कसा बदलतो, हे सगळे आखलेले असते. शरीराची अशी शीट असते, तशी वागण्याची शीट तुम्ही स्वतःसाठी करावी, असे मी सुचवीन. फक्त तिच्यात पात्र काय करते याऐवजी ते काय करत नाही हे लिहावे. करण्याच्या गोष्टींची यादी केली की ती आपोआप लकबींची यादी होते, आणि तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात नेमके तेच झालेले दिसते.

अमेरिकन कार्टून-दिग्दर्शक चक जोन्स यांनी १९४९ मध्ये पडद्यावर आणलेल्या रोडरनर (भरधाव पळणारा पक्षी) आणि त्याच्या मागे लागलेला लांडग्यासारखा कोयोटी या जोडीबद्दल त्यांनी सांगितलेले काही नियम प्रसिद्ध आहेत. रोडरनर ‘बीप बीप’ करण्यापलीकडे कोयोटीला कोणताही त्रास देत नाही. बाहेरची कोणतीही शक्ती कोयोटीला इजा करत नाही. त्याचा स्वतःचा धांदरटपणा किंवा ॲक्मे कंपनीचे सामान, एवढ्यांनीच तो फसतो. आणि मला सर्वांत आवडणारा नियम असा की कोयोटी मनात आणील तेव्हा थांबू शकतो, फक्त त्याने हट्ट सोडला पाहिजे. यातले बहुतेक नियम म्हणजे मनाई आहे, हे ध्यानात येईल. त्या कार्टूनचे कथालेखक मायकेल माल्टीज यांनी पुढे सांगितले की असे काही नियम आपण कधी ऐकलेच नव्हते. मला यात विसंगती वाटत नाही. पात्र हाताशी बसलेले असले की नियम न लिहिताही पाळले जातात; दुसऱ्याचे पात्र उसने घेणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र ते आधी शोधून काढावे लागतात.

उदाहरणार्थ, जियानचा बढाईखोर साथीदार सुनियो एकट्याने कधी भांडण उकरत नाही, त्याला जियानची पाठ लागते. जियान चारचौघांत तोंडाने माफी मागत नाही, आणि दुकान सांभाळणाऱ्या आपल्या आईसमोर आवाज चढवत नाही. तुमचा जियान सराफ्याच्या गर्दीत माफी मागतो, ही माझ्या मते नोबिताच्या भाषणापेक्षाही मोठी चूक आहे.

आडवळण (इंदूर) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचून थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. जे मूळ मालिकेत कधीच होणार नाही ते पाहायला मिळावे म्हणूनच तर लोक फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहितात आणि वाचतात. जियानने माफी मागितलेली मला पाहायची असेल, तर ‘जियान माफी मागत नाही’ हा नियम दाखवून मला परत पाठवू नये.

सयाजीबाग (बडोदे)

मान्य. परंतु मग ती माफी हाच गोष्टीचा विषय व्हायला हवा. जियान आधी दोनदा तोंड उघडून मिटतो, विषय बदलतो, आपले भसाडे गाणे ऐकवायची धमकी देतो, आणि तिसऱ्यांदा कोणी पाहत नसताना पुटपुटतो. असे काही असेल तर मीही आवडीने वाचीन. नियम मोडताना पात्राला तो मोडणे जड गेले पाहिजे. त्याशिवाय एका गोष्टीत एकाच पात्राचा एकच नियम मोडावा. इथे एका पानात दोघे जण एकदम सुधारले.

अनुस्वार (ग्वाल्हेर) यांचे उत्तर

स्वभावाइतकाच भाषेचा प्रश्न आहे आणि तो आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांना अधिक भेडसावतो. आपल्या घरांतली मुले ही मालिका हिंदीतून पाहतात, म्हणजे भाचीच्या कानांतला नोबिता हिंदी बोलतो. त्याने मराठीत ‘शौर्य’ आणि ‘दुर्बळ’ म्हटले की तो पाठ्यपुस्तकातून उठून आल्यासारखा वाटणारच.

मूळ जपानीत ही मुले एकमेकांना हाका मारतात त्यांतही फरक आहे. नोबिताची मैत्रीण शिझुका त्याला आदराने ‘नोबिता-सान’ म्हणते, डोरेमॉन सलगीने ‘नोबिता-कुन’ म्हणतो आणि जियान नुसते नाव घेऊन दरडावतो. मराठीत सगळी मुले एकमेकांना अरे-तुरेच करणार, त्यामुळे हा फरक सर्वनामांतून दाखवता येत नाही; तो वाक्यांच्या घडणीतून दाखवावा लागतो. जियानला आज्ञार्थी, तोडकी वाक्ये द्यावीत आणि त्याने प्रश्न विचारूच नये. सुनियोचे वाक्य लांबलचक असावे आणि कोठूनही निघाले तरी स्वतःच्या नव्या वस्तूवर येऊन थांबावे. नोबिताची वाक्ये अर्धवट राहावीत. हे जमले की नाही ते पाहण्यासाठी संवादांवरची नावे झाकून भाचीला मोठ्याने वाचायला सांगावे आणि कोण बोलते आहे ते विचारावे. नोबिताच्या तोंडी ‘आई’ न घालता ‘मम्मी’च ठेवावे, कारण ती हाक तिच्या कानांत बसलेली आहे.

मुद्रितशोधक (रामबाग, इंदूर)

जाता जाता एक सूचना करतो. शिझुकाला भाजलेली रताळी फार आवडतात आणि ते कोणाला कळू नये अशी तिची धडपड असते. सराफ्यात गराडू (रताळ्यासारखा एक कंद) तळला जात असताना ती त्या कढईसमोरून सरळ निघून जाईल, हे मला पटत नाही. मात्र गराडू हिवाळ्यातच मिळतो, तेव्हा गोष्ट डिसेंबरात न्यावी लागेल. तसेच डोरेमॉनचे कान यंत्र-उंदराने कुरतडले होते, म्हणून तो उंदरांना भितो. रात्रीच्या बाजारात उंदीर आणायला तुम्हाला काही वेगळी कल्पनाशक्ती लढवावी लागणार नाही.

राजवाड्यामागचा (इंदूर)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गेल्या रविवारी तो प्रसंग पुन्हा लिहिला. गोष्ट डिसेंबरात नेली, भाषण काढून टाकले आणि पहाटेचा अभ्यासही काढला. आता जियान द्रोण हिसकावतो तेव्हा नोबिता मुकाट्याने देऊन टाकतो, कारण तो देईलच. मग जियानची नजर त्याच्या दुसऱ्या हातातल्या कागदी पुडीवर जाते. उंदीर पाहून पळालेला डोरेमॉन परत यावा म्हणून नोबिताने आपल्या खिशातला उरलेला डोरा केक (डोरेमॉनचा आवडता, सारण भरलेला गोड खाऊ) तिच्यात बांधून ठेवलेला असतो.

“ती पण दे.”

“ही नाही... ही माझी नाही.”

“दे म्हटलं ना!”

जियान पुडी ओढतो, नोबिता सोडत नाही. तो ओट्यावरून खाली घसरतो, चष्मा एका कानावर लोंबकळतो, तरी मूठ उघडत नाही, आणि त्या ओढाताणीत डोरा केकचा चेंदामेंदा होऊन त्यातले सारण त्याच्या बोटांमधून बाहेर येते. हे पाहून जियान पुडी सोडतो, इकडेतिकडे बघतो आणि द्रोण परत देऊन निघून जातो.

नावे झाकून वाचण्याची परीक्षाही घेतली. भाचीने जियान आणि नोबिता लगेच ओळखले. सुनियोच्या एका वाक्याला मात्र तिने “हे परत तूच बोलतोयस” असा शेरा मारला, ते दुरुस्त करतो आहे. बाकी प्रसंग तिने न थांबता वाचून काढला. फक्त ‘द्रोण परत देऊन’ यातल्या ‘द्रोण’च्या आधी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक शब्द घातला आहे: ‘रिकामा’.