पाटणादेवीच्या महादेव मंदिरात व्हीलचेअर कशी चढवावी?

गिरणाकाठचा: आम्ही चाळीसगावची आठ-दहा पोरं रविवारी पाटणला जातो. गवत काढणं, प्लास्टिक वेचणं, बाहेरगावच्यांना वाट दाखवणं. मागच्या खेपेला माझ्या मायला नेलं. ती व्हीलचेअरवर असते. हेमाडपंती मंदिराचं जोतं उंच, म्हणून दोन फळ्या टाकल्या. अर्ध्यावर एक फळी सरकली. दोघांनी चाकं धरली म्हणून निभावलं. माय हसत होती, माझेच हात थरथरत होते. लोखंडी घडीचा रॅम्प घ्यायचा विचार आहे, वर्गणी जमतेय. कोणाला अनुभव?

सुतारमामा: भाऊ, पैसे द्यायच्या आधी फीत लावा. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. जोतं पाच फूट धरलं तरी साठ फूट रॅम्प, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. घडीचा रॅम्प एक-दोन पायऱ्यांपुरताच. आणि मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. दगडाला एक भोकही पाडू नका. तात्पुरतं काही ठेवायचं तरी आधी लेखी परवानगी घ्या.

काळोखातला_वाटसरू: मला दिसत नाही, पण पायऱ्या चढतो. माझी अडचण वेगळीच. सोबतचे लोक "वा, काय शिल्प!" म्हणतात आणि पुढे जातात. पाटणच्या शिलालेखाचा हाताला लागेल असा लाकडी नमुना करा ना. शके ११२८ चा लेख, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्यात दर घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यायचं लिहिलंय, तेही जुन्या मराठीत! ती ओळ बोटांनी वाचायची आहे मला. नमुना खालीच ठेवलात तर गिरणाकाठच्या आईंनाही पाहता येईल.

केळीवाला_रावेर: पायऱ्यांच्या कडा दिसाव्यात म्हणून पिवळा पट्टा मारू नका, एवढंच. ऑइलपेंट दगडात मुरतो.

गिरणाकाठचा: मामा, रॅम्प रद्द. वर्गणी नमुन्याला वळवतो, सागाची फळी तुम्हीच निवडून द्या. हे सगळं मायला वाचून दाखवलं. ती म्हणे, "वर मंग जाऊत, पहिले संडासनं दार देखा." येताना जेवायला थांबलो तिथलं दार चोवीस इंची, खुर्ची सव्वीस. दिवसभर ती पाणीच प्यायली नव्हती. मला तेव्हा कळलंही नाही. या रविवारी फीत घेऊन निघतो, रस्त्यातली दारं मोजत.