मदत हवी आहे: मुलाला मार्फन नावाचा आजार असू शकतो म्हणाले, तपासणी कुठं होते?

पुसदकरीण: डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मार्फन? जेनेटिक टेस्ट' एवढंच लिहून दिलं. तालुक्यात विचारलं तर कोणालाच माहीत नाही. कुठं जायचं, लवकर सांगा. वेचणी तोंडावर आहे.

वणीकर: वय किती? हृदय, डोळे दाखवले का? घरात आणखी कोणाला?

पुसदकरीण: ११. वर्गात सगळ्यांत उंच. चष्मा आहे.

गुरुजी_वाशीम: वाढीच्या वयात पोरं अशीच लांबोडकी दिसतात. माह्या भाच्याला कॅल्शियम अन् अंडी सुरू केली, ठणठणीत झाला.

परिचारिका: गुरुजी, कॅल्शियमचा काही संबंध नाही. मार्फन हा जन्मजात आजार आहे. एफबीएन१ नावाच्या जनुकात दोष असतो, त्यानं शरीराला घट्ट धरणारी ऊतीच कमजोर राहते. ताई, त्याला अंगठा आत घेऊन मूठ वळायला सांगा. अंगठ्याचं पूर्ण पेर करंगळीकडून बाहेर येतं का?

पुसदकरीण: हो, नखासकट. नंबरही सारखा वाढतो. याचे बाबाही असेच उंच होते. ३६ व्या वर्षी वावरातच अचानक गेले, अटॅक म्हणाले.

परिचारिका: ताई, हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे! जनुक तपासणी मागाहून झाली तरी चालेल, पण टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी करा. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, हृदयापाशी फुगली असेल तर फाटू शकते, म्हणून औषध वेळेत लागतं. थेंब टाकून डोळ्याची बाहुली मोठी करून डोळ्यातलं भिंग सरकलं का तेही पाहतात. दोन्ही सापडलं तर मार्फन ओळखायच्या २०१० च्या घेंट निकषांनुसार जनुक अहवालाशिवायही निदान होतं. तोवर कबड्डी, ओझी उचलणं बंद.

वणीकर: आणि रक्तातलं होमोसिस्टीनही तपासा म्हणावं. ते वाढलं की होमोसिस्टिन्युरिया हा दुसरा जन्मजात आजार असू शकतो. तो बराचसा असाच दिसतो, उपचार मात्र वेगळा.

शेतकरी_पुत्र: दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, एसटीत सवलत मिळते.

वणीकर: भाऊ, इथं निदानाचा पत्ता नाही अन् तुम्ही प्रमाणपत्र काहून काढता?

गुरुजी_वाशीम: एवढ्यासाठी नागपूरला पळायची गरज नाही. यवतमाळलाच दाखवा.

परिचारिका: इको जिथं लवकर होईल तिथं करा. नाहीतर नागपूर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत हृदयरोग विभाग आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घ्या. १८ वर्षांपर्यंत ही सोय आहे.

पुसदकरीण: धाकटी ७ वर्षांची आहे. तिलाही न्यायचं का? उपाशी न्यावं लागेल?

परिचारिका: तिलाही न्याच. वडिलांना असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता असते. साध्या इकोला उपाशी राहायचं काम नाही. डोळ्यांत थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत आणखी एक मोठं माणूस घ्या. आणि बाबांचं वय, अचानक जाणं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.